प्लायची युकुलेले, पाच हजारांचं बजेट आणि तारांचा घोळ

या वेळचं प्रश्नोत्तरांचं पान सगळं युकुलेलेचं, म्हणजे छोट्या गिटारसारख्या चार तारांच्या वाद्याचं आहे. पत्रं बरीच आली आणि त्यातले बरेच प्रश्न एकाच जागी येऊन अडकतात: वाद्य स्वस्तातलं आहे, वाजत नीट नाही, दोष लाकडाचा की तारांचा?

प्रश्न: नऊ वर्षांच्या मुलीसाठी आणि अधूनमधून मलाही वाजवता येईल अशी एकच युकुलेले घ्यायची आहे. बजेट पाच हजार. ओळखीचे एक जण सांगतात, "सॉलिड लाकडाचीच घ्या, लॅमिनेट म्हणजे प्लायवूड." खरं काय? (नागपूर)

लॅमिनेट म्हणजे प्लायच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. लाकडाचे पातळ थर, बहुधा तीन, एकाचे रेषे उभे तर दुसऱ्याचे आडवे असे चिकटवलेले असतात. सॉलिड म्हणजे एकाच लाकडाची पातळ फळी. चांगल्या सॉलिड फळीचा आवाज मोकळा येतो, सूर जास्त वेळ टिकतो, हे खरंच आहे. पण पाच हजारांत जी "सॉलिड" मिळते, तिची फळी बऱ्याचदा जाड ठेवलेली असते, म्हणजे पैसे सॉलिडचे आणि आवाज कोंडलेला.

शिवाय तुम्ही नागपूरला राहता. मे महिन्यातली कोरडी हवा आणि वर कूलर, मग जुलैत एकदम दमट. सॉलिड लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्याच्या फार खाली गेलं की फळी आकसते आणि रेषेवर चिरते. लॅमिनेटमध्ये आडवा थर उभ्याला धरून ठेवतो, त्यामुळे चीर जाण्याची भीती फार कमी. तुमच्या बजेटात आणि तुमच्या हवेत लॅमिनेटच घ्या.

आकार कॉन्सर्ट घ्या. सोप्रानो सुमारे २१ इंच लांब, कॉन्सर्ट २३, टेनर २६. नऊ वर्षांच्या हाताला कॉन्सर्ट जड जात नाही आणि मोठ्या माणसाची बोटं सोप्रानोच्या पहिल्या तीन फ्रेटमध्ये (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, सतारीवरचे पडदे म्हणा) एकमेकांवर चढतात तसं इथे होत नाही. बॅरिटोन मात्र नको. ती गिटारच्या बारीक चार तारांसारखी, डी-जी-बी-ई अशी लावतात, युकुलेलेचे धडे तिच्यावर जुळत नाहीत.

जाहिरातीतली भाषा नीट वाचा. "महॉगनी टॉप" लिहिलं आणि "सॉलिड" हा शब्द कुठेच नसेल, तर ते लॅमिनेट समजायचं. खात्री करायची तर आवाजाच्या भोकाची कड उजेडात धरा. वरच्या रेषा कडेवरून खाली तशाच उतरल्या तर सॉलिड, मधे वेगळ्या रंगाचा थर दिसला तर प्लाय. कड काळी रंगवलेली असेल तर का रंगवली असेल ते तुम्हीच ओळखा.

प्रश्न: दुकानात गेल्यावर नेमकं काय बघायचं? मला अजून वाजवताही येत नाही. (कल्याण)

वाजवता यायची गरज नाही. खिशात एटीएम कार्ड आणि फोनमध्ये ट्यूनर (सूर दाखवणारं अॅप) हवा, बस. कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, त्यामुळे ते फुकटचं मोजमापच आहे. फक्त अंक उठलेले नसतील अशी सपाट बाजू वापरा.

आधी चारही तारा सुरात लावून घ्या: जी, सी, ई, ए. मग पहिल्या फ्रेटवर, तार मोकळी असताना, तिच्याखाली कार्ड सरकवून बघा. कार्ड तारेला न उचलता आरपार गेलं तर नट उंच आहे. नट म्हणजे डोक्याकडची खाचांची पट्टी, सतारीवरची अटी म्हणा. तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास अंतर हवं, म्हणजे कार्डाने तारेला किंचित वर ढकललं पाहिजे. स्वस्त वाद्यांतला सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच. कारखान्यात खाच खोल करायला वेळ लागतो, आणि जास्त खोल गेली तर वाद्य बाद होतं, म्हणून ती उथळच ठेवतात.

आता बाराव्या फ्रेटवर या. तिथे तीन कार्डं एकावर एक ठेवून तारेखाली बसली तर छान, चार बसली तर चालेल. पाच बसत असतील तर दुसरा नग मागा.

मग सूर. तार बाराव्या फ्रेटच्या बरोब्बर वर बोटाने नुसती स्पर्शून छेडा, घंटेसारखा स्वर येईल. आता तिथेच दाबून छेडा. दोन्ही स्वर ट्यूनरवर जवळजवळ एकाच जागी आले पाहिजेत. पाच-सात सेंटचा (सेंट म्हणजे शेजारच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) फरक तारा बदलून जाऊ शकतो. वीस सेंटचा फरक चारही तारांवर असेल तर ब्रिज, म्हणजे पोटावरची तारा बांधायची पट्टी, चुकीच्या जागी चिकटवलाय, आणि त्याला घरी इलाज नाही. फूटपट्टीनेही बघता येतं: नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत जितकं अंतर, तितकंच तिथून सॅडलपर्यंत (ब्रिजमधली पांढरी पट्टी, जिच्यावर तारा टेकतात), फार तर एक-दोन मिलिमीटर जास्त.

शेवटी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा, चारी तारा. एखाद्याच जागी खरखर आली तर पुढचा फ्रेट वर उठलेला आहे. पोटावर बोटाच्या पेराने टिचकी मारा, "ढब" असा पोकळ आवाज यावा. "टक" आला तर फळी जाड किंवा रंगाचा थर जाड. गडद चकचकीत रंगाच्या, फुलांच्या चित्रांच्या सोप्रानो बऱ्याचदा इथेच नापास होतात. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कोपरा आत जातो का तेही बघून घ्या. जात असेल तर तो ब्रिज उन्हाळ्यापर्यंत टिकेल न टिकेल.

प्रश्न: मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर येतात, पण एफ कॉर्ड (एकदम छेडायचे तीन-चार स्वर) धरला की बेसूर. सी कॉर्ड मात्र बरा वाटतो. कान चुकतोय का? (सोलापूर)

कान बरोबर आहे. एफ कॉर्डमध्ये ई तार पहिल्या फ्रेटवर दाबली जाते. नट उंच असला की तार खाली न्यायला जास्त ताणावी लागते आणि स्वर चढतो, पंधरा-वीस सेंट सहज. सी कॉर्डमध्ये एकच तार, तीही तिसऱ्या फ्रेटवर, म्हणून तिथे चूक झाकली जाते.

हे घरी दुरुस्त होतं, घाई मात्र करू नका. वेल्डिंगच्या नोझलची भोकं साफ करायच्या बारीक खरखरीत तारांचा संच हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. युकुलेलेच्या तारेपेक्षा किंचित जाड अशी एक काडी त्यातून निवडा. एक तार सैल करून खाचेतून बाजूला काढा. काडी खुंट्यांच्या दिशेने थोडी उतरती धरून तीन-चार वेळा घासा, तार परत बसवून सुरात लावा आणि तपासा. तपासणी अशी: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली बघा. साधा छपाईचा कागद जेमतेम सरकेल एवढी फट उरली की थांबायचं. फटच नाही, तार फ्रेटला टेकली, तर जास्त झालं. मोकळी तार आता झणझणेल. तसं झालंच तर खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा भरून त्यावर झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा एक थेंब सोडा. दगडासारखं घट्ट होतं, मग पुन्हा खाच करता येते.

खाच उतरती का? सपाट किंवा उलट्या उताराची खाच असली तर तार नटच्या पुढच्या कडेवरून न सुटता आतून कुठूनतरी सुटते, आणि सतारीच्या जवारीसारखी झार येते. सतारीला ती शोभते.

बाराव्या फ्रेटवरची उंची कमी करायची असेल तर नटला हात लावू नका. सॅडलची पांढरी पट्टी खाचेतून उपसून तिची खालची बाजू २४० नंबरच्या पॉलिश पेपरवर, काचेवर ठेवून, सरळ घासा. पट्टी एक मिलिमीटर कमी केली की बाराव्या फ्रेटवर उंची अर्धा मिलिमीटर उतरते. आधी पेन्सिलीने रेघ मारून घ्या.

प्रश्न: दुकानात नायलॉन, फ्लुओरोकार्बन, नायलगट अशी नावं सांगतात. तार म्हणजे तार, एवढा काय फरक पडतो? (पुणे)

स्वस्त लॅमिनेटवर फरक लाकडापेक्षा जास्त पडतो. म्हणून नवीन वाद्याबरोबर आलेल्या तारांवर वाद्याची परीक्षा करू नका. त्या पांढऱ्या असल्या म्हणजे नामांकित कंपनीच्याच, असंही नाही.

मुख्य फरक घनतेचा. नायलॉन पाण्यापेक्षा थोडंसंच जड, १.१४ च्या आसपास. फ्लुओरोकार्बन १.७८. त्यामुळे तोच स्वर, तोच ताण हवा असेल तर फ्लुओरोकार्बनची तार सुमारे वीस टक्के बारीक लागते. बारीक तार जास्त स्पष्ट बोलते, सूर लांबवते, आणि दाबल्यावर कमी चढते. नायलगट हा इटलीतल्या अक्विला कंपनीचा पदार्थ. पूर्वीच्या आतड्याच्या तारांइतकी घनता, सुमारे १.३, साधणारा. आवाजाने दोघांच्या मधे बसतो, हाताला किंचित खरखरीत लागतो, आणि ब्रिजच्या किंवा नटच्या धारदार कडेवर तुटतो. एकाच जागी दोनदा तुटला तर तारेला दोष देण्याआधी ती कड पॉलिश पेपरने गोल करा.

कॉन्सर्टसाठी फ्लुओरोकार्बनच्या तारांच्या जाड्या साधारण अशा असतात: ए तार ०.४८ ते ०.५२ मिलिमीटर, ई ०.६५, सी ०.८६, जी ०.५५. प्रत्येकीवर जवळपास चार किलोचा ताण येतो, चारींचा मिळून पंधरा-सोळा. ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ०.५२ मिलिमीटरची एकच ए तार सोप्रानोवर (तारेची लांबी ३४.५ सेंटिमीटर) साडेतीन किलो, कॉन्सर्टवर (३८) ४.३, आणि टेनरवर (४३) साडेपाच किलो ताण घेते. म्हणून सोप्रानो आणि कॉन्सर्टचा संच बऱ्याचदा एकच विकतात, टेनरचा वेगळा. पाकिटावर ते बघूनच घ्या.

आता निवड. वाद्य कोंडलेलं, ढबढबीत वाटत असेल, विशेषतः सी तार "थप्प" वाजत असेल, तर फ्लुओरोकार्बन. नायलॉनची सी तार जाड असते, तिथे हा बदल लगेच ऐकू येतो. उलट वाद्य टिणटिणीत, पत्र्यासारखं वाजत असेल तर नायलॉन किंवा नायलगट त्याला जरा गोलाई देतं. पातळ लॅमिनेटच्या सोप्रानोवर हे बऱ्याचदा होतं. एकदम महाग संच घेऊ नका. साध्या फ्लुओरोकार्बनपासून सुरुवात करा, काही शे रुपयांत वाद्याचा स्वभाव कळतो.

प्रश्न: आमच्याकडे गळाची तंगूस मुबलक. तीच लावली तर? (मालवण)

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नाही. फ्लुओरोकार्बनची युकुलेलेची तार आणि मासेमारीची लीडर-लाइन (गळाजवळ बांधायची दोरी) हा पदार्थ एकच, आणि कित्येक वादक रिळावरूनच तार कापतात. अटी तीन. पहिली, रिळावर शंभर टक्के फ्लुओरोकार्बन लिहिलेलं हवं. वरून लेप दिलेलं नायलॉन नको. नेहमीची तंगूस नायलॉनचीच असते, वरच्या जाड्यांत ती लावली तर तार लोंबकळेल. दुसरी, किती किलो वजन पेलते तो आकडा विसरा, व्यास मिलिमीटरमध्ये बघा: ए ०.५२, जी ०.५७, ई ०.६६, सी ०.८४. चारींचा ताण मिळून सोळा किलोच्या थोडा वर, कॉन्सर्टला अगदी योग्य. तिसरी, रीळ नवं हवं. खारं पाणी, ऊन आणि गाठी खाल्लेली लाइन जागोजागी कमी-जास्त जाड झालेली असते आणि अशी तार फ्रेटगणिक बेसूर बोलते, ट्यूनर कितीही हिरवा दाखवो.

हिशेबही करून बघा. चार वेगळ्या जाड्यांची चार रिळं म्हणजे आयुष्यभराच्या तारा झाल्या. एकट्याला परवडणार नाही, गावात चार-पाच जण वाजवणारे असतील तर वाटून घ्या.

प्रश्न: गिटारच्या स्टीलच्या तारा लावल्या तर आवाज मोठा येईल का? (अकोला)

थोडे दिवस येईल. नेहमीच्या संचातल्या ०.०१२ आणि ०.०१६ इंचाच्या तारा युकुलेलेच्या सुरात लावल्या तर एकेकीवर साडेसहा किलो ताण पडतो, चारींचा पंचवीसच्या पुढे. सोळा किलोसाठी चिकटवलेला ब्रिज मग पोटाचा वरचा थर घेऊन उखडतो. लावू नका.

प्रश्न: मी हार्मोनियमवर पांढरी एकमध्ये गाते. युकुलेलेवर भावगीतांची चाल वाजवताना सा च्या खाली स्वरच सापडत नाहीत. आणि "जी" नावाची तार खर्जाची असायला हवी, ती उंच का? (मिरज)

पांढरी एकचा सा धरला तर तुमच्या चार तारा प, सा, ग, ध अशा लागतात. त्यातला प मध्य सप्तकातला आहे, ग आणि ध यांच्या मधे बसणारा. म्हणजे सर्वांत खालची तार सा, त्याखाली काही नाही. ही उंच जी या वाद्याची जुनी खूण आहे. १८७९ साली मदैरा बेटावरून होनोलुलूला गेलेल्या पोर्तुगीज मजुरांबरोबर छोटी तंतुवाद्यं गेली, त्यांतून हवाईत युकुलेले घडली, आणि ही तारांची मांडणी तिकडूनच आलेली. कॉर्डच्या झंकाराला ती फार गोड, चालीला अडचणीची.

तुम्हाला "लो जी" हवी, म्हणजे मंद्र प. त्यासाठी अख्खा संच घ्यायची गरज नाही. क्लासिकल गिटारची चौथी तार, डी, नायलॉनवर धातू गुंडाळलेली, सुटी मिळते. ती कॉन्सर्टवर जी ला लावली तर सुमारे सव्वाचार किलो ताण देते, बाकीच्या तारांशी जुळणारा. तिची जाडी पाऊण मिलिमीटर, म्हणून नटची खाच थोडी रुंद करावी लागेल. एकदा रुंद केली की उंच जी ची बारीक तार तिथे नीट बसणार नाही, हे आधी ठरवून घ्या. गुळगुळीत, न गुंडाळलेली फ्लुओरोकार्बनची ०.९१ मिलिमीटरची तारही मिळते, पण कॉन्सर्टवर ती अडीच किलोच्या जरा वरच ताण देते आणि सैल वाटते. टेनरवर चालते.

खाच करायला घाबरत असाल तर तुमच्या गावात सतार-तंबोऱ्याचे कारागीर आहेत. घोडी आणि अटी घासणं हा त्यांचा रोजचा उद्योग. वाद्य बरोबर न्या, तार लावून दाखवा आणि कागदाच्या जाडीची गोष्ट सांगा. सा काळी एकला न्यायचा असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा.

प्रश्न: तारा मी स्वतः बदलल्या. पंधरा दिवस झाले तरी रोज उतरतात. (ठाणे)

तीन जागा तपासा, या क्रमाने.

ब्रिजवरची गाठ. तार भोकातून मागे काढा, वळवून पुढे आणा, स्वतःच्याच खालून घ्या, आणि उरलेलं टोक वेढ्याखाली खोचा. नायलॉनला एकदा खोचणं पुरतं, फ्लुओरोकार्बन निसरडं असल्याने दोनदा, बारीक ए ला तीनदा. शेवटचा वेढा ब्रिजच्या वर राहता कामा नये, तो मागच्या उभ्या कडेवर दाबला गेला पाहिजे. वर राहिला तर गाठ कणाकणाने सरकत राहते. बरेचदा इथेच घोळ असतो.

खुंटीवरचे वेढे. दोन-तीन हवेत, खाली खाली जाणारे. त्यासाठी तार ओढून घट्ट न करता पाच-सात सेंटिमीटर ढील ठेवून गुंडाळायला सुरुवात करा. आणि नेहमी खालून वर चढवत सुरावर या. वरून उतरवून लावलेली तार नटमध्ये अडकलेली असते, वाजवताना सुटते.

खुंटी. बटणं मागच्या बाजूला, सरळ असतील तर त्या घर्षणाच्या खुंट्या. बटणाच्या टोकाला स्क्रू आहे, तो एक अष्टमांश फेरा आवळा. फिरवायला जड पण फिरेल इतपतच.

हे सगळं ठीक असेल तर मग तारेचा ताणच बसायचा आहे. फ्लुओरोकार्बनला दोन-तीन दिवस लागतात, नायलॉनला आठवडा, नायलगटला त्याहूनही जास्त. प्रत्येक तार मधोमध धरून बोटभर हळू ओढा, पुन्हा लावा, असं दहा वेळा केलं की काम लवकर होतं.

प्रश्न: पावसाळ्यात लॅमिनेटला काय होतं? (रत्नागिरी)

पोटाला फारसं नाही. नायलॉनच्या तारा दमटपणा शोषतात आणि सकाळ-संध्याकाळ सूर बदलतात. फ्लुओरोकार्बन जवळजवळ शोषत नाही, कोकणात म्हणूनही तेच बरं. गिअरच्या खुंट्या गंजतात, जूनच्या आधी प्रत्येकीच्या दातांवर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा. पोटात आतून बुरशी धरते, तेव्हा पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी वाद्य बाहेर काढून वाजवा.

ब्रिज मागून उचललेला दिसला तर त्याच दिवशी तारा सैल करा. फटीत झटपट डिंक सोडू नका, तो ठिसूळ होतो आणि पुढच्या दुरुस्तीला आड येतो. स्वस्त वाद्यांत ब्रिज लाकडावर न चिकटवता रंगावरच चिकटवलेला असतो, म्हणून सुटतो. पातळ सुरीने पूर्ण सोडवा, त्याच्या ठशाइतका रंग लाकूड दिसेपर्यंत खरवडा, सुताराचा पांढरा डिंक पातळ लावा, आतून लाकडी ठोकळ्याचा आधार देऊन शिकंजात धरा आणि चोवीस तास हलवू नका. पावसाळ्यात छत्तीस.